ओल्या भिंतीवरचं सिमेंट

सिमेंटचं नाव काढलं की माझं डोकं अजून फिरतं. नातवंडं हसतात. हसू देत बापडी, त्यांना काय ठाऊक.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. माझं सासर निघोज्याचं. घर पांढऱ्या मातीच्या भिंतींचं, खाली दगडाचा पाया. अशा भिंतीत जमिनीतली ओल चढतेच. माझ्या माहेरी, महाळुंग्याला, वडील दर उन्हाळ्यात भिंतीचं बूड तपासायचे आणि जिथं खपली निघाली असेल तिथं चुना भरायचे. भिजवून मुरवलेला चुना, वाळू, थोडा कातरलेला ताग. पातळ थर द्यायचा आणि वर ओलं गोणपाट टाकायचं. चुना ओल कोंडून ठेवत नाही. भिंतीत चढलेलं पाणी त्यातून वाऱ्यावर निघून जातं. यात गुपित कसलं? आमच्याकडे पोरीबाळींनाही ते ठाऊक होतं, कारण गोणपाटावर पाणी शिंपडायचं काम आमच्याकडेच असायचं.

माझे थोरले दीर तेव्हा पिंपरीला एका कारखान्याच्या बांधकामावर मुकादम होते. तिथं त्यांनी सिमेंट पाहिलं आणि त्यांना त्याचं वेडच लागलं. चुना म्हणजे अडाणीपणा, सिमेंट म्हणजे सुधारणा. कुठून कुठून खटपट करून पोती आणली आणि आमच्या मागच्या खोलीची भिंत बाहेरून पार कमरेच्या वरपर्यंत लिंपून टाकली. गावातली माणसं येऊन तिच्यावर बोटं वाजवून बघायची आणि भावजी बाजूला मिशीला पीळ देत उभे. मी तेव्हा पहिलटकरीण होते. पोट दिसायला लागलं होतं.

लेक माहेरी झाली. तिला घेऊन परत आले तेव्हा पाऊस लागलेला. आम्हां मायलेकींना तीच मागची खोली मिळाली. भिंत बाहेरून ठणठणीत आणि आतून घाम फुटल्यासारखी ओली. ओलीला बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून ती आमच्या अंगावर येत होती. गोधड्या वाळत नव्हत्या. कुबट वासानं जीव गुदमरायचा. खोली बदला म्हणून मी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगून सांगून थकले. त्यांनी ते भावजींच्या कानावर घातलं. उत्तर आलं, "सिमेंट हाय ते. ओल येईलच कशी?"

पोरीची छाती भरली. शेक झाला, औषध झालं, काढे झाले. पोळ्याच्या आधी ती गेली. मी रडलेही असेन, पण मला आठवतो तो संताप. घरातलं कोणीही त्या भिंतीकडे बघत नव्हतं.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा दिवस राहिले. या खेपेला बाळंतपण सासरी, आणि खोली तीच! उन्हाळा लागताच मी नवऱ्याला म्हणाले, ऊन आहे तोवर ते सिमेंट काढा, भिंत वाळू द्या, चुना करा. तो बिचारा भावाला विचारायला गेला. स्वतःच्या पोरासाठी भावाची परवानगी! स्वयंपाकघरात भाकरी थापत मी ऐकत होते.

"घरात गरवार बाई हाय," भावजी म्हणाले. "अशा वक्ताला भिंतीला पहार लावायची न्हाई. आपल्यात चालत न्हाई."

"व्हय, खरं हाय," आत्याबाई म्हणाल्या.

रीत खरी होती. घरात बाई गरोदर असताना आमच्याकडे भिंत पाडत नाहीत, नवी बांधत नाहीत. पण पहिली पोटात असताना त्याच भिंतीवर ठोकाठोकी करून सिमेंट चढवलं, तेव्हा ही रीत कुठं चरायला गेली होती? तेव्हा मी गरवार नव्हते? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तव्यावरची भाकरी करपली, ती मी तशीच वाढली.

दुसऱ्या दिवशी पुरुष बाहेर पडल्यावर मी पदर खोचला, पहार घेतली आणि घराच्या मागच्या अंगाला गेले. पहिल्याच ठोक्याला आत पोकळ वाजलं. सिमेंटनं माती धरलीच नव्हती. टोक घालून उचकटलं तर ताटाएवढी खपली खाली आली. मागची माती कणकेसारखी मऊ होती. आत्याबाई धावत आल्या. "आगं आवदसे, पोटुशी हाईस तू!" म्हणून ओरडल्या, पण हातात पहार असलेल्या पोटुशीला ओढायची त्यांची छाती होईना. मी शिव्या देत होते. कोणाला, ते सगळ्या आळीला कळत होतं.

संध्याकाळी भावजींनी आकाशपाताळ एक केलं. पण आता ते स्वतःच्याच रीतीत अडकले होते. गरवार बाईच्या घरात उकरलेली भिंत तशीच ठेवायची म्हणजे त्याहून अशुभ. नवऱ्यानं चाकणहून चुना आणला. भिंत उन्हावाऱ्यात वाळू दिली, कुजलेली माती खरवडून नवी भरली आणि मग चुन्याचे थर दिले. ते दिवस घरात कोणी माझ्याशी बोलत नव्हतं, आणि मला त्याची फिकीर नव्हती.

आषाढात दुसरी लेक झाली. बाहेर संततधार, पण खोलीत गोधड्या वाळत होत्या. मी भिंतीला पाठ लावून तिला पाजत बसायचे.

मार्गशीर्षात तिचं उष्टावण केलं. पाहुण्यांनी घर भरलेलं. मामानं तिला खिरीचं बोट चाटवलं, मग भावजींनी तिला उचलून सगळ्यांना दाखवलं. "नशीब लई चांगलं हिचं," ते म्हणाले. "अख्खा पावसाळा खोकल्याबिगर काढला पोरीनं."

थोरल्या दिरासमोर मी तोवर कधी एक शब्दही बोलले नव्हते. हातातली वाटी खाली ठेवली, पुढं झाले आणि माझी लेक त्यांच्या हातातून काढून घेतली.

"पहिलीचं नशीब बी चांगलंच हुतं, भावजी," मी म्हणाले. "भिंत ओली हुती."