सोड्यात धुतलेली घोंगडी

माझं शिक्षण मराठी दुसरीपर्यंत. पण लोकरीबद्दल माझ्याशी कोणी वाद घालू नये. ठाण्याच्या लोकरीच्या गिरणीत मी धुलाई खात्यात होतो. सोडा-साबणाच्या कढत पाण्यात लोकर घातली की तिचं तेल कसं सुटतं, ते मी या दोन हातांनी केलेलं आहे. ही विद्या एकदा घरी वापरली. ते अजून बोचतं.

आम्ही कोलशेतचे. बाप खाडीवर होडी चालवायचा, माणसं पलीकडे न्यायचा. पावसाळ्यात मिठागरं बंद, पण होडी चालू. त्याच्या अंगावर एकच वस्त्र, धनगराकडून घेतलेली काळी घोंगडी. आईने तिला चिंचोक्याची खळ दिलेली, त्यामुळे ती ताठ उभी राहायची आणि पाणी वरच्यावर ओघळून जायचं. पण वास मारायची. मी नवा नवा गिरणीत लागलेलो, इस्त्रीचा शर्ट घालणारा. मला त्या वासाची लाज वाटायची.

आषाढ लागायच्या आधी एका रविवारी बाप पाहुण्यांकडे गेलेला. मी घंगाळात पाणी कढवलं आणि सोडा टाकला.

आई म्हणाली, "अरं, तिला सोडा नको लावू. नुसती बुचकळायची नि वाळत टाकायची."

"आये, गिरणीत आम्ही रोज ढिगाने धुतो."

"गिरणीतली घालून कोण होडी चालवतं काय?"

मी ऐकलं नाही. घोंगडी मऊ निघाली, वास गेला. बापाने ती हातात घेऊन उलटीपालटी केली. "लुगडं केलंस की हिचं," एवढंच बोलला.

मग एके दिवशी सकाळपासून पावसाची झोड उठली. गिरणीत मी हौदाशी उभा होतो. लोकर धुतलेल्या पाण्यावर तिचं पिवळं तेल तरंगत होतं, नेहमीसारखंच. पण त्या दिवशी माझं लक्ष तिथे अडकलं. पाऊस अडवतं ते हेच तेल, आणि वरची खळ. आणि मी दोन्ही काढून टाकलेलं. एका जागी उभं राहवेना. दाराशी जाऊन पाऊस बघायचा, परत यायचं, परत जायचं.

मुकादम म्हणाला, "काय रे, मुंग्या चावतायत काय?"

घरी आलो तर घोंगडी पडवीत फडक्यासारखी गळत होती आणि बाप चुलीपुढे दात वाजवत बसलेला. अंगात ताप. वैद्य येऊन म्हणाला, "आता पुन्हा असा भिजून गार पडला, तर छाती धरेल. मग माझ्या हातात काही नाही."

बाप म्हणाला, "शुक्रवारी मी होडीवर."

होडी मी नेतो म्हटलं, तर म्हणे, "तुला भरती-ओहोटी कळते काय?" त्याला अडवणारा माणूस गावात नव्हता. हट्ट मी त्याच्याकडूनच घेतलाय. म्हणजे शुक्रवारच्या आत त्याच्या अंगावर नीट कापड हवं.

गिरणीत खाडा केला आणि ठाण्याच्या बाजारात गेलो. दुकानदाराने फलालीन दाखवलं. मऊ, उबदार. मी त्याच्या माठातलं पाणी मागितलं.

"कापड घ्यायचंय की धुवायचंय?"

मी कोपरा भिजवला, पिळला आणि शर्ट वर करून पोटाला लावला. बेडूक चिकटल्यासारखं गार. शेवटी ते सूतच, वर नुसती लव काढलेली. मग मेणकापडाचा कोट बघितला. त्यातून पाणी आत येत नाही, पण वल्हं मारणाऱ्याचा घाम बाहेरही जात नाही. माणूस आतूनच भिजतो. तोही ठेवला.

तिथून कल्याणला गेलो. लढाई संपल्यावर तिथल्या छावणीतला मिलिटरी माल बाजारात आलेला. एका सिंधी दुकानदाराकडे मातकट रंगाच्या कांबळी होत्या, भरड, टोचणाऱ्या. विचारलं, भिजवून बघू का.

"भिगा ले, भाई. लडाई देख के आया है, पानी से क्या डरेगा."

पिळून पोटाला लावलं. आधी गार लागलं. मी तसाच उभा राहिलो. भोवती चार माणसं जमली. एक दुसऱ्याला म्हणाला, "ह्याला पोटदुखी हाय काय?" मी हललो नाही. हळूहळू त्या ओल्या कापडाखाली ऊब धरली. अस्सल लोकर. घेतली.

आईने चिंचोके शिजत टाकले. खळ मी कांबळीला चोळली. वाळून ताठ झाली तशी गुरुवारी ती बापापुढे ठेवली आणि सांगितलं, "घोंगडी मी बिघडवली."

"ठाऊक हाय. घातल्याबरोबर कळलं."

"मग घालून गेलास कशाला?"

"नाय तर काय तुझ्या इस्त्रीच्या शर्टात जाऊ?"

शुक्रवारी पाऊस तसाच. बापाने कांबळ डोक्यावरून घेतली, "चावतं रं," म्हणाला आणि होडी लोटली. मी गिरणीला जायचा, तो धक्क्यावरच राहिलो. होडी पलीकडे जाईपर्यंत येरझाऱ्या घातल्या. एकदा सरीत ती दिसेनाशी झाली, तेव्हा चिखलात गुडघाभर उतरलो. जाणार कुठे होतो, देव जाणे.

तो परत आला. वल्हं अजून हातात होतं, तोच मी मागून कांबळीखाली हात घातला. कांबळ ओली होती. पाठही ओली होती. पण ऊन होती.

"हात काढ. लोक बघतात," बाप म्हणाला.

हात काढला. पलीकडे जाणारे चढले, होडी पुन्हा सुटली. गिरणीची वेळ कधीच टळून गेलेली. दुसरी खेप होऊन तो पुन्हा काठाला लागेपर्यंत मी तिथून हललो नाही.