बाहुली हलली की सेट बोलतो

किस्से आम्ही जमवले नाहीत. ते टेबलामागच्या वायरींसारखे असतात. एक सोडवायला ओढावी तर गुंतलेल्या तीन बाहेर येतात, आणि चौथी कुठली ते कुणालाच ठाऊक नसतं. आमच्या तंजावूरच्या घरात बारा वर्षं हॅम रेडिओ होता, म्हणजे घरबसल्या देशोदेशीच्या हौशी माणसांशी बोलायचा सेट. परवाना आमच्या ह्यांचा, गच्ची सासऱ्यांची आणि शिव्या माझ्या. माझी शाळा पाचवीपर्यंत, तीही तमिळ. मराठी अक्षरं वडिलांनी घरी पाटीवर गिरवून घेतली. तेव्हा मशीनबद्दल जे सांगते ते शिकलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आणि यातला एकही किस्सा रात्रीचा नाही. सगळं भर दुपारी, भांडी घासून झाल्यावर.

*

हे पाटबंधारे खात्यात होते. घसा असा, की कालव्याच्या या काठावरून हाक मारली की पलीकडच्या काठावरचा सायकलवाला थांबे. घरी आल्यावर तोच घसा सेटपुढे. "सीक्यू, सीक्यू, सीक्यू." म्हणजे, कुणी आहे का, असलात तर बोला.

एका सुट्टीच्या शुक्रवारी शेजारची कामाक्षी मामी धापा टाकत आली. गल्लीच्या टोकाला पिळ्ळैयारचं, म्हणजे गणपतीचं देऊळ. तिथं लाउडस्पीकरवर भजनाची कॅसेट लागलेली. "भजनाच्या मधून कुणीतरी बोलतंय गं," मामी म्हणाली. "शब्द चिरडल्यासारखे येतात. काय विचारतोय ते कळत नाही, पण विचारतोय एवढं कळतं. तीन-तीनदा विचारतोय. बायका हात जोडून उभ्या आहेत."

मी आत गेले आणि ह्यांच्या हातातला माइक काढून घेतला. देवळातला आवाज बंद झाला.

"देव नाही मामी, आमचे हे," मी सांगितलं.

मामी पायरीवर टेकली. मग म्हणाली, "आता त्या बायकांना काय सांगू? एकीनं उत्तरसुद्धा दिलंय."

*

एरिअलच्या वायरीचं एक टोक गच्चीवर आणि दुसरं परसातल्या माडावर. नारळ काढायला करुप्पैया यायचा. एकदा तो वर गेला आणि नारळ न काढताच सरसर खाली आला.

"अम्मा, झाड चावलं."

"झाड चावत नाही. मुंगळा असेल."

त्यानं बोट दाखवलं. टोकाला पांढरं, बारीक भोक पडलेलं, सुईनं जाळल्यासारखं. त्या वायरीत घरची वीज नाही, हे मला माहीत होतं. आत जाऊन पाहिलं तर हे माइक धरून सिंगापूरच्या कुणाशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते. हवापाण्याच्या गप्पांनी माणसाचं बोट जळतं, हे मी त्या दिवशी शिकले.

त्यानंतर करुप्पैयाची एकच अट. हे मागच्या ओसरीवर, त्याला दिसतील असे बसायला हवेत. ह्यांचं तोंड मिटलेलं दिसलं की तो माडावर चढे.

*

पुढे ते तोंड मिटलंच. घशात गाठ निघाली. मद्रासच्या मोठ्या इस्पितळात घशाची पेटी काढली, जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला भोक राहिलं, त्यातून श्वास.

मी पाटी आणून दिली. ह्यांनी ती बाजूला सरकवली. मोर्सच्या चावीच्या कट-कटनं बोलावं तर औषधांनी हात कापायचा. ह्यांनी माझी जुनी साडी घेतली आणि सेटवर घातली. पाच महिने हे भिंतीकडे बघत बसले. घरात बोलणारी मी एकटी. स्वतःचा आवाज इतका ऐकला, की मलाच माझा वीट आला.

ह्यांचे दोघे रेडिओवाले मित्र दर रविवारी यायचे. मासिलामणी सार, पॉलिटेक्निकात शिकवणारे, पापनाशमहून बसनं. आणि सेल्वम, आमच्याच गल्लीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा. दोघं खाली मान घालून बसत, काप्पी, म्हणजे कॉफी, पीत आणि जात.

एका रविवारी मी पेले ठेवलेच नाहीत. म्हटलं, "तुम्ही दोघं मयताला आल्यासारखे बसता. माणूस जिवंत आहे. त्याला बोलतं करा, नाहीतर या घरची काप्पी बंद."

सार चाचरत म्हणाले, "आता कॉम्प्युटरवरून करतात, अम्मा. तोंड लागत नाही. आपण टाईप करायचं, कॉम्प्युटर त्याचा सूर करतो, सेट तो सूर पाठवतो. पलीकडचा कॉम्प्युटर सुराची पुन्हा अक्षरं करतो."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"पाच महिने?"

दोघं काप्पी न पिताच उठले. पुढच्या रविवारी मशीन आलं.

*

त्या वर्षांत गल्लीत दर महिन्याला कुणाकडे तरी टीव्हीचं नाहीतर कॉम्प्युटरचं नवं खोकं उतरायचं. आमच्याकडे जुनं उतरलं. सेल्वमनं इकडून तिकडून भाग जमवून कॉम्प्युटर उभा केला होता. सेटचा आवाज कॉम्प्युटरच्या कानात, एक वायर. कॉम्प्युटरचा आवाज सेटच्या तोंडात, दुसरी. दोघांची वीज एकमेकांत मिसळू नये म्हणून मध्ये एक डबी. तिसरी वायर बटणाची. कॉम्प्युटरनं इशारा केला की सेट पाठवायला लागणार.

"आवाज बेतानं सोडायचा," सार सांगत होते. "जास्त झाला तर शेजारच्यांवर सांडतो." पेल्यात काप्पी काठोकाठ ओतत नाहीत, तसं. मला समजलं.

टेबलावर जागा उरली नाही. माझ्या नवरात्राच्या कोलूतली, म्हणजे बाहुल्यांच्या मांडणीतली, मान हलवणारी बाहुली फळीवरून काढून मी सेटच्या पॉवर सप्लायच्या खोक्यावर ठेवली. लाल घागऱ्याची, लग्नात आलेली.

सेल्वमनं सेट लावला, मग कॉम्प्युटर लावला आणि हात पुसायला मागं सरला. टेबलाजवळ कुणी नव्हतं. खोकं घुमलं. बाहुलीनं मान हलवायला सुरुवात केली.

"सेट पाठवतोय," सार म्हणाले. "कोण पाठवतंय?"

आम्ही चौघं चार कोपऱ्यांत उभे. बाहुली हो-हो करत होती. मग थांबली.

सेल्वमनं नंतर कारण काढलं. कॉम्प्युटर जागा होताना क्षणभर सगळ्या वायरींना झटका देतो, त्यात सेटचं बटण दाबलं जातं. तेव्हापासून नियम झाला. आधी कॉम्प्युटरला उठू द्यायचं, मग सेटला उठवायचं. आणि मला इंग्रजी वाचायची गरज उरली नाही. सेट पाठवायला लागला की खोकं घुमतं, खोकं घुमलं की बाहुली हलते. बाहुली स्थिर, तर सेट नुसता ऐकतोय.

*

ऐकण्याचंही सांगते. पहिल्या दिवशी मामी बघायला आली. स्क्रीनवर एकेक अक्षर उमटत होतं. इ. टी. थोडं थांबून पुन्हा इ. मग ओ.

"कोण लिहितंय?"

"कुणी नाही, मामी," सेल्वम म्हणाला. "आकाशातली खरखर आहे. कॉम्प्युटरला वाटतं, अक्षरं आहेत."

"कुणी नाही, आणि लिहितंय?" मामीनं पदर डोक्यावर घेतला. "गेलेली माणसं असतील."

"आमच्याकडची गेलेली माणसं इंग्रजी शिकलेली नव्हती," मी म्हटलं.

सारांनी पडद्यावर काहीतरी सरकवलं. त्याला ते चाळणी म्हणत. चाळणी लावली की खरखर गळून जाते, खरा सूर आला तरच अक्षर दिसतं. स्क्रीन कोरी झाली.

मामीनं हळूच विचारलं, "गेले?"

"नाही. आहेत. फक्त दिसत नाहीत आता."

सार साधा माणूस. खरं ते सांगितलं. मामी पंधरा दिवस आमच्याकडे आली नाही.

*

ह्यांनी पहिल्यांदा टाईप करून पाठवलं, हात मांडीवर घेतले, तरी बाहुली थांबेना. स्क्रीनवर एकच अक्षर भराभर उमटत चाललं, अर्धी ओळ, मग पुरी ओळ. ह्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले, मी नाही म्हणून. मी प्लग उपटला.

सेटची ताकद वायरींतून उलटी कॉम्प्युटरात शिरत होती म्हणे. सेल्वमनं वायरींना काळ्या कड्यांत सात-सात वेढे दिले आणि परसात तांब्याची कांब पुरली. खाली मीठ-कोळसा घातला. "माती ओली राहिली पाहिजे, अक्का. रोज एक चेंबू पाणी घाला." मग रोज सकाळी एक चेंबू तुळशीला, एक कांबीला.

आठवड्यानं बघते तर कांबीला हळद-कुंकू लागलेलं. दुसऱ्या दिवशी मल्लीचा गजरा. मी मामीला धरलं. "तुम्हीच ना?"

"तू रोज पाणी घालतेस," मामी म्हणाली. "कोण आहे ते विचारायची हिंमत झाली नाही."

मी ते हळद-कुंकू पुसलं नाही. मशीन तेव्हापासून नीट वागायला लागलं होतं.

*

मग हे बोलत सुटले. रोज दुपारी तीन-तीन तास, एका हातानं टाईप करत. जपान, रशिया, कुठंकुठं. बाहुलीला उसंत नाही. मी सेल्वमला विचारी, काय लिहितात रे? "हवामान, अक्का. अँटेना." एकदा वाचता वाचता तो थांबला. मी म्हटलं, काय? म्हणाला, "हवामानच." हवामान सांगणाऱ्या माणसाचे डोळे असे भरत नाहीत.

मला राग आला. भांडून मशीन आणलं मी. आणि सगळ्या जगाशी गप्पा, मला तीच भिंत.

एका दुपारी मी तिथंच जमिनीवर तांदूळ निवडत होते. ह्यांनी टेबलावर बोट वाजवलं आणि स्क्रीन दाखवली. इंग्रजी अक्षरं मला येतात, एकेक करून, सावकाश. आणि हे एका बोटानं एकेक करूनच उमटवत होते. माझ्या वाचण्याच्याच चालीनं.

K. A. P. I.

काप्पी. सात महिन्यांनी नवरा माझ्याशी बोलला, आणि बोलला तर हे बोलला. मी उठले आणि बाहुलीकडे लक्ष गेलं. ती मान हलवत होती.

"अहो, बाहुली."

ह्यांनी दचकून कळ दाबली. पण शब्द जगभर गेलेला होता. थोड्या वेळानं खाली अक्षरं आली, जपानच्या माणसाची. KAPI? आणि पुढं आणखी एक प्रश्नचिन्ह.

हे हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलले आणि गळ्याच्या भोकातून शीळ निघाली. मी स्वयंपाकघरात गेले आणि दूध उतू जाऊ दिलं.

त्यानंतर रोज तीन वाजता सेट बंद, नुसता कॉम्प्युटर चालू. बाहुली हलत असली तर जगाशी, स्थिर असली तर माझ्याशी. मराठी बोलणं, इंग्रजी अक्षरं. सांबारात मीठ कमी. पडवळ नको. सुरुवात मात्र दर दिवशी त्याच चार अक्षरांनी. भांडणंही झाली, मी तोंडानं, हे बोटानं. पुरं वाचून होईपर्यंत मला थांबावं लागे. तीस वर्षांच्या संसारात ह्यांचं बोलणं मी तेव्हा पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं.

*

गाठ पुन्हा आली. दिवाळीच्या पावसात हे गेले.

सार म्हणाले, "आमच्यात अशा माणसाला सायलेंट की म्हणतात, अम्मा. म्हणजे मोर्सची चावी गप्प झाली."

मी म्हटलं, "गप्प तर ते आधी झाले होते. तुम्ही रविवारी येऊन बघत बसला होता."

बोलायला नको होतं. पण बोलले.

*

पोंगल झाल्यावर सेल्वम सेट न्यायला आला. परवाना ज्याचा तो गेला, आता सेट परवाना असलेल्याकडेच हवा. सार तो पापनाशमला नेणार होते. करुप्पैयानं माडावरून वायर सोडवून, गुंडाळी करून ओसरीवर टाकलेली. सेल्वमनं एरिअलची केबल सेटच्या पाठीमागून काढली.

"चालतो का ते एकदा बघून घेतो, अक्का. तिकडे नेल्यावर बिघडला म्हणायला नको."

"आधी कॉम्प्युटर," मी म्हटलं.

त्यानं आधी कॉम्प्युटर लावला, मग सेट. चाळणी लावलेली होती. स्क्रीन कोरी. बाहुली स्थिर. बाहेर ऊन. तीन वाजले होते.

K.

सेल्वमनं माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डकडे पाहिलं. त्यावर कुणाचा हात नव्हता.

A.

"खरखर असेल, अक्का," तो म्हणाला.

"एरिअल कुठं आहे?"

केबलचं टोक त्याच्याच हातात होतं. तो त्या टोकाकडे बघत राहिला.

P.

सेल्वमनं प्लग उपटला. सगळं काळं झालं, खोक्यातही वीज नाही.

मी त्याच्या हातावर फटका मारला. "एकच अक्षर होतं रे. एक अक्षर थांबला असतास तर काय मेला असतास?"

तो घामानं भिजला होता. एका हातात केबल, दुसऱ्या हातात प्लग.

मी काळ्या स्क्रीनकडे वळले आणि विचारलं, "काप्पी ना?"

बाहुलीनं मान हलवली.