बेबीच्या सोनमाशांना सोबत

आमच्या घरात आजवर झालेल्या एकमेव दुहेरी खुनातला आरोपी मीच कळशीत घालून, कडेवर घेऊन घरी आणला होता.

तेव्हा आमचं बिऱ्हाड उस्मानाबादला होतं आणि मी कचेरीत कारकून होतो. माझे मेहुणे, म्हणजे माझी बायको सुमन हिचे थोरले भाऊ, मुंबईला असत. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांची सात वर्षांची मुलगी बेबी हिनं काचेच्या पेटीत दोन सोनमासे पाळले होते. दादांच्या नव्या खोलीत पाण्याचे फार हाल, म्हणून त्यांनी ते मासे सांभाळायला आमच्याकडं आणून दिले. (पाणी पुरत नाही म्हणून मासे मराठवाड्यात आणणारा हा बहुधा पहिलाच माणूस.) पेटी मांडीवर घेऊन ते आमच्या जवळच्या येडशी स्टेशनात उतरले, तेव्हा अर्धं पाणी त्यांच्या पाटलोणीत होतं.

"बेबीचा जीव आहे यांच्यावर," एवढं बजावून दादा परत गेले आणि मासे रुसले. दिवसभर काचेला तोंड लावून उभे. सुमन कासावीस झाली. मी शेजारच्या मुनीरभाईंना बोलावलं. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पण घरी तितर पाळलेला असल्यामुळं समस्त प्राणिमात्रांबाबत त्यांचा शब्द आमच्या आळीत शेवटचा मानत.

"मुंबईचे ना? मग दर्याचं पाणी लागणार," ते म्हणाले. "मूठभर मीठ टाका."

"मासे पाळायचेत भाईजान, लोणचं न्हाय घालायचं," सुमन म्हणाली.

"मग सोबत पाहिजे. दोघंच दोघं बसून कंटाळले बिचारे. पण भाभी, सोबत स्वभाव बघून निवडायची."

स्वभाव पारखायचं काम मी अंगावर घेतलं. कचेरीत रोज माणसं बघत असल्यामुळं आपल्याला माणूस कळतो असा माझा समज होता, आणि मासा त्याहून सोपा. मुनीरभाईंच्या मामूंच्या मळ्यातल्या विहिरीवर आम्ही उमेदवार बघायला गेलो. पहिला खेकडा. तो पसंतीआधीच माझ्या अंगठ्याला लोंबकळला. मग एक शिंगटी मासळी निघाली. तिच्या मिशा बघून मुनीरभाई म्हणाले, "ही हुकूम सोडणार. नको." शेवटी निघाला एक वीतभर लांब, काळपट मासा. बादलीत खाली मान घालून कोपऱ्यात बसून राहिला. इकडं बघत नाही, तिकडं बघत नाही.

"लई शरीफ दिसतो," मुनीरभाई म्हणाले.

"घरंदाज," मी म्हणालो. कळशी कडेवर घेतली.

पेटीतसुद्धा तो तसाच कोपऱ्यात बसला. सोनमासे त्याच्याभोवती फिरायला लागले. सुमनला तर भरून आलं. "बघा, लगेच रुळले," म्हणाली.

सकाळी एकच सोनमासा होता.

"मांजर," मुनीरभाईंनी जागा बघून निकाल दिला. मग मात्र मी हयगय केली नाही. खिडकी लावून घेतली, पेटीवर पाट ठेवला, पाटावर वरवंटा ठेवला. आत उरलेला सोनमासा आणि तो घरंदाज पाहुणा. बंदोबस्त असा चोख, की बळीला पळायला जागाच ठेवली नाही.

दुसराही गेला. पाहुणा मात्र अंगानं जरा भरला होता.

आता बेबीला काय सांगायचं, या विचारानं आम्हाला जेवण जाईना. त्यातच दादा बेबीला घेऊन तुळजापूरला देवीला आले आणि तिथून न कळवता थेट आमच्या दारात. बेबी पायसुद्धा न धुता पेटीपाशी गेली. तिनं वरवंटा काढला, पाट काढला.

"आतोबा, माझे मासे?"

"हा काय," मी म्हणालो. "मोठा झाला."

"काळा कसा झाला?"

"इथलं पाणी जड आहे बेटा," मुनीरभाई मदतीला आले. "रंग उतरतो."

बेबीनं जरा विचार केला. "आणि दुसरा?"

मुनीरभाई आढ्याकडं बघायला लागले. मी काही बोलणार, तोच पाट निघालेला बघून पाहुण्यानं उडी मारली. तो फरशीवर पडला आणि आजवर खाली घातलेली मान वर करून सरपटत थेट मोरीकडं निघाला. सुमननं त्याच्यावर टोपलं टाकलं. दादांनी टोपलं उचलून आत बघितलं.

"ही मरळ आहे," ते शांतपणे म्हणाले. "लहान माशांवरच जगते. हिला यांच्यात कुणी सोडलं?"

सुमननं माझ्याकडं बघितलं. मुनीरभाईंनीही माझ्याकडंच बघितलं.

बेबीच्या डोळ्यांत पाणी आलं. दादांना मरळीचं कालवण फार आवडायचं, त्यांनी तसं हळूच सुचवूनही बघितलं. पण बेबीनं टोपलं मांडीवर ओढून घेतलं. "तिच्या पोटात माझे मासे आहेत. त्यांना कापायचं नाही. तिघांनाही विहिरीत सोडा."

म्हणून मी पुन्हा कळशी कडेवर घेतली. बेबी विहिरीच्या काठावर हात जोडून उभी राहिली. मागं आम्ही दोघं गुन्हेगार.

पुढं बेबी लग्नाची झाली. मुलगा बघायला जायच्या दिवशी मी मागच्या मागं राहायला बघत होतो, तर दादांनी मला आग्रहानं गाडीत घेतलं. मला बरं वाटलं.

"तुम्ही यायलाच पाहिजे," ते म्हणाले. "तुम्हाला मुलगा पसंत पडला, की आम्ही नकार कळवायला मोकळे."