फलाटावर तपासलेले खेळ

भाऊ गेल्यावर भेटायला आलेल्यांपैकी बरेच जण चहाचा कप हातात घेऊन हळूच विचारत, "नेमकं काय करायचा तो?" मी आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवलं, पण याचं नीट उत्तर मला देता येत नसे. मोबाइलवरचे खेळ बनवायचा, एवढंच सांगायची. ऐकणारे मान हलवत आणि बोलणं त्याच्या आजारपणाकडे नेत.

तो माझ्याहून बराच लहान. १९९९ साली नागपुरातून इंजिनिअर होऊन हैदराबादला गेला, तिथे खेळ तयार करण्याचं काम शिकला आणि काही वर्षांनी नोकरी सोडून परत आला. गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीत दोन खोल्या भाड्याने घेऊन, आपल्याच भागातले चार इंजिनिअर जमवून त्याने कंपनी काढली. गोंदियात राहून देशभर खेळले जातील असे खेळ करायचे, यापलीकडे त्याला काही नको होतं. बाबांचं सगळं जग आमच्या बिरसी गावातल्या धानाच्या बांध्यांत. ते म्हणाले, "खेळच कराचे होते त इंजिनेर कायले झाला?"

"इंजिनेर झालो म्हणूनच करून राहिलो ना, बाबा."

तेव्हा फोन बटणांचे होते. आज एका फोटोला लागते त्याहून कमी जागेत आख्खा खेळ बसवावा लागे. जंगलाला हिरवे रंग दोन द्यायचे की एक, यावर त्या खोल्यांत दिवसभर वाद चाले. त्याचा सगळ्यात चाललेला खेळ मोहफुलं वेचण्याचा होता. अस्वल जवळ यायच्या आत टोपली भरायची.

खेळ तयार झाला की तो स्टेशनवर जाई. पॅसेंजरची वाट पाहत बसलेल्या एखाद्याच्या हातात फोन द्यायचा आणि शेजारी गप्प बसायचं. समजावून सांगायचं नाही, आवडला का हेही विचारायचं नाही. फक्त त्याच्या अंगठ्यांकडे पाहायचं. अंगठे कुठे थबकले ते तो लक्षात ठेवी आणि परत येऊन तेवढंच दुरुस्त करी. एकदा तो दरेकशाला निघालेल्या एका माणसाला घरी जेवायला घेऊन आला. खेळता खेळता त्याची गाडी निघून गेली होती.

"तुमच्यापायी माही गाडी गेली, भाऊ," तो माणूस पानावर बसल्यावरही कुरकुरत होता.

"अस्वलानं कितीदा धरलं?" भावाने विचारलं.

"धरलं नाही, म्हणून त गेली. धरलं असतं त उठलो नसतो का?"

भावाला इतकं खूश मी फार कमी वेळा पाहिलं. खेळ त्याच आठवड्यात बाहेर पडला.

काही वर्षांनी त्याचे हैदराबादचे जुने साहेब गोंदियाला आले. त्यांनी टेबलावर बटणं नसलेला, नुसत्या काचेचा फोन ठेवला. गोंदिया सोडू नकोस, ते म्हणाले, फक्त यापुढचे खेळ यासाठी कर, काम मी पाठवतो. चौघे इंजिनिअर त्या फोनवरून नजर काढत नव्हते. भाऊ म्हणाला, "चला, स्टेशनवर जाऊ." साहेबांच्या प्रवासासाठी डबा घेऊन मीही गेले. त्याने त्यांना फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. प्रत्येकाच्या हातात बटणांचाच फोन.

"सर, इसमें से एक के पास भी है क्या?"

"आज नहीं है," साहेब म्हणाले. "तू आज का देख रहा है."

"मैं तो इन्हीं के लिए बनाता हूँ, सर."

साहेबांनी डबा घेतला, माझे आभार मानले आणि पुन्हा विषय काढला नाही. मला त्या दिवशी भावाचंच पटलं होतं. त्याने जे पाहिलं ते खरं होतं. ते फार दिवस खरं राहणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळलं नाही. तो तेव्हा हो म्हणाला असता तर, हे वाक्य मी आता मनात पुरं करत नाही.

पुढे मुर्रीच्या खोल्या रिकाम्या झाल्या. चौघेही हैदराबादला त्याच साहेबांकडे लागले, आणि तो इथल्याच एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवू लागला. पण मला कंपनी संपल्यासारखी वाटली ती त्याच्याही आधी, एका दुपारी. मी नागपूरला निघाले होते आणि तो सोडायला आला होता. त्याच्या मते आजवरचा सर्वांत चांगला खेळ नुकताच पुरा झाला होता. त्याने नेहमीसारखा फोन बाकावरच्या एका माणसाला दिला. त्या माणसाने काचेवर बोट डावीकडून उजवीकडे ओढलं, मग उलटं ओढलं, दोनदा टिचकी मारली. बटणांकडे त्याचा हात गेलाच नाही.

"बंद हाय जी हा," म्हणत त्याने फोन अदबीने परत केला आणि खिशातून स्वतःचा काढला.

समजावून सांगायचं नाही हा भावाचा नियम होता, तो त्याने त्या दिवशीही मोडला नाही. गाडी आल्यावर माझी पिशवी वर चढवताना तो एवढंच म्हणाला, "चालू होता, ताई."

"माहीत आहे मला," मी म्हणाले. पण तो खेळ मी स्वतः कधी खेळून पाहिला नव्हता.

गाडी हलली तेव्हा तो त्या माणसाच्या शेजारीच बसला होता. दोघांच्याही माना खाली, आपापल्या फोनमध्ये.