शनिवारपर्यंतचं ऊन

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका सज्जन थापाड्या मी अख्ख्या अमेरिकेत दुसरा पाहिला नाही. स्वतःच्या फायद्यासाठी ते कधी खोटं बोलले नाहीत. पण कुणाला धीर द्यायचा म्हटलं, की त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. ऐंशीच्या दशकात मी नेपरव्हिलला नवा आलो तेव्हा थंडीने माझे दात वाजत होते, आणि काका दोन स्वेटर, वर कोट, डोक्याला माकडटोपी अशा थाटात मला सांगत होते, "अरे, ही काय थंडी आहे? आमच्या नागपूरला याहून जास्त असते." माझी गाडी बर्फात रुतली, की "पाच मिनिटांचं काम आहे" म्हणत फावडं घेऊन यायचे आणि दोन तास खपायचे. मी करपवलेली भाजी त्यांनी दोनदा मागून घेतली. एकदा इंटरव्ह्यू देऊन तोंड पाडून आलो, तर म्हणाले, "जॉब तुझाच आहे यार, त्यांच्या व्हाइस प्रेसिडेंटला मी ओळखतो." जॉब मिळाला नाही, पण आठवडाभर मी पोटभर जेवलो.

काकूंपुढे मात्र ही विद्या चालत नसावी, असा माझा समज होता. काकूंनी इथले दोन हिवाळे कसेबसे काढले होते. डिसेंबरात सुट्टीला नागपूरला जाताना "तिसरा मला जमायचा नाही" असं त्यांनी माझ्यादेखत बजावलं होतं. फेब्रुवारीत काकांनी त्यांना परत आणलं ते "तिकडे आता वसंत लागला असेल" या थापेवर. काकूंची अट एकच होती: बर्फ दिसला, की नागपूर. बॅगासुद्धा त्या रिकाम्या करणार नव्हत्या.

आणि नशीब बघा, मी त्या दोघांना आणायला विमानतळावर गेलो त्या सोमवारी पारा साठ फॅरनहाइटच्या वर होता. लोक अर्ध्या चड्डीत फिरत होते. काकांनी ते ऊन असं मिरवलं, की जणू त्यांनीच ते मागवून घेतलं होतं. "बघ, म्हटलं नव्हतं?" काकूंनी शाल काढून हातावर घेतली.

दुसऱ्याच दिवशी रात्री काकूंनी कुरडयांसाठी गहू भिजत घातले. उन्हाळ्यातलं काम, फेब्रुवारीत. तीन दिवस गहू भिजणार, शुक्रवारी वाटून चीक निवळत ठेवायचा, शनिवारी कुरडया उन्हात. टीव्हीवाले मात्र शनिवारी दुपारनंतर बर्फ पडणार म्हणून सांगत होते. काकांनी त्या दिवशी सकाळीच टीव्हीची पिन काढून तो बिघडल्याचं जाहीर केलं होतं. तेव्हापासून रोजचा पेपरही ते गुपचूप माझ्याकडे आणून टाकत होते.

"काका, फोरकास्ट बघितलंत ना?" मी विचारलं.

"फोरकास्टवाल्यांना काय समजते बाप्पा? शनिवारपर्यंत ऊन राहणार. राहायलाच पाहिजे." हे म्हणताना ते माझ्या खिडकीतून आभाळ बघत होते.

शनिवारी लख्ख ऊन पडलं. पार्किंग लॉटमध्ये काकांच्या आणि माझ्या गाडीच्या टपांवर आणि बॉनेटवर आम्ही धुतलेल्या चादरी अंथरल्या आणि काकू सोऱ्याने कुरडया घालू लागल्या. शेजारची अमेरिकन बाई बघत उभी राहिली. "आमच्याकडे वसंताचं स्वागत असंच करतात," असं काकांनी तिला इंग्रजीत ठोकून दिलं. तिने लगेच सावली पडू नये म्हणून आपली गाडी लांब नेऊन लावली.

तीनच्या सुमारास वारा फिरला, आभाळ भरून आलं आणि पांढरे कण उतरू लागले. आम्ही तिघांनी चादरी टोकांना धरून जिन्यावरून वर पळवल्या आणि ओल्या कुरडया हीटरजवळ पसरल्या. काका काकूंकडे बघेनात. "उद्यापर्यंत वितळून जाईल," एवढंच पुटपुटले.

"पुरे आता," काकू म्हणाल्या. "बर्फाचं मी मंगळवारीच टीव्हीवर पाहिलं. पिन मलाही लावता येते."

"मग गहू काहून भिजवले तू?"

"तुम्ही पेपर लपवून राहिले होते म्हणून. माझ्यासाठी इतकं खोटं दुसरं कोण बोलणार?" एवढं बोलून त्या कुरडया उलटायला बसल्या. बॅगा त्यांनी दुसऱ्या दिवशी रिकाम्या केल्या.

त्या कुरडया आम्ही एप्रिलमध्ये तळल्या. अशा फुलल्या, की ताटात मावेनात. पुढे मी नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेलो. हिवाळ्यात फार एकटं वाटलं, की काकांना फोन करायचो. तिकडे दारात गुडघाभर बर्फ असला तरी ते सांगायचे, "इकडे मस्त ऊन आहे, आणि तुझी काकू मजेत आहे." त्यातलं निम्मं नक्की खरं असायचं.