मेलेल्यांच्या कपबश्या

आजोबांना पुरून आले त्या संध्याकाळी आजी आणि मामा स्वयंपाकघरात भांडले, ते व्हर्लीननं जिन्यात बसून ऐकलं. तेव्हा ती दहाएक वर्षांची.

"दगड बसवला असता, नाव कोरलं असतं," मामा म्हणत होता. "तू बापाच्या डोक्याशी फुटका कप ठेवून आलीस."

"शेवटची कॉफी त्यातच प्यायला तो. आणि फोडूनच ठेवायचा असतो, म्हणजे गेलेला माणूस मागच्यांना ओढून नेत नाही. पणजीपासून असंच चालत आलंय."

"उद्या कुणीतरी केर समजून उचलेल."

"मग तू कशाला आहेस? सांग त्यांना."

मामा डेट्रॉइटला गेला तो गेलाच. सांगायचं काम व्हर्लीनच्या गळ्यात पडलं.

एडिसन शहराजवळच्या एका गावात, इंडियन दुकानांच्या रांगेमागे काळ्या लोकांचं हे जुनं कबरस्तान. पुरलेल्यांत बडं कुणीच नाही. विटा भाजणारे, धुणं धुणाऱ्या बायका, आणि कोरा नावाची एक सुईण. तिनं निम्मं गाव हातावर झेललं, गोऱ्यांची बाळंसुद्धा, पण तिचं नाव कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही. दगड सगळे मिळून दोन. बाकीच्यांच्या डोक्याशी ज्याची त्याची वस्तू: बशी, शिंपले, कंदिलाची काच. व्हर्लीननं जन्मभर शाळेची बस चालवली. लग्न केलं, ते काही टिकलं नाही. दर शनिवारी कबरस्तान झाडणं मात्र टिकलं. नवऱ्यापेक्षा खराटा बरा, उलट बोलत नाही, असं म्हणायची.

मग जमिनीच्या मालकाला तिथे ट्रक उभे करायचे झाले. गावच्या ऑफिसनं सांगितलं, कबरी असतील तर दाखवा, आमचा माणूस बघायला येईल. नेमकं तेव्हाच व्हर्लीनच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं.

शेजारची नीलांबरी पुण्याची, हाताला स्वस्थ बसणं माहीत नाही. बाईला मदत करावी म्हणून तिनं मराठी मंडळातली माणसं जमवली, जागा लखलखीत केली आणि दुसऱ्या दिवशी पोह्यांचा डबा घेऊन सांगायला आली.

"मिस व्हर्लीन, आता ओळखणार नाही तुम्ही. केवढी फुटकी भांडी टाकली होती लोकांनी. आमच्यात फुटकं भांडं घरातसुद्धा ठेवत नाहीत, मग मेलेल्या माणसांच्या उशाशी कसं राहू द्यायचं?"

व्हर्लीननं चमचा खाली ठेवला. "पिशव्या कुठे आहेत?"

"सकाळीच गाडी घेऊन गेली कचऱ्याची."

मग व्हर्लीननं सगळं सांगितलं. नीलांबरी रडायला लागली, तेव्हा वॉकर ढकलत जाऊन व्हर्लीननंच तिला पाणी आणून दिलं.

ऑफिसचा माणूस येऊन गेला. त्याला दोन दगड आणि स्वच्छ झाडलेली जमीन दिसली. सुनावणीत नीलांबरी उभी राहिली. म्हणाली, "चूक आमची आहे. आम्हाला तो कचरा वाटला."

सुनावणी घेणारा साहेब सभ्य होता. "तेच तर, मॅडम. तुमच्यासारख्यांनाही जो कचरा वाटला, त्याला मी कबरीची खूण कसं म्हणू?"

व्हर्लीननं एकेकाचं नाव घेतलं, कुणाजवळ कुठली बशी तेही सांगितलं. साहेबानं शांतपणे ऐकून घेतलं. निकाल लागला: दगडाखालचे दोघे दुसरीकडे हलवायचे. बाकीची जमीन मोकळी.

गाडीत नीलांबरी म्हणाली, "आपण अपील करू."

"कर हो. अपिलाला वेळ असतो, मला नाही."

जागेला कुंपण घातलं गेलं. सोमवारी काम सुरू व्हायचं होतं. आदल्या शनिवारी गेटवरच्या माणसानं व्हर्लीनला आत सोडलं, थोडा वेळच म्हणाला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात खराटा. पिवळ्या मशीनच्या अलीकडून तिनं सुरुवात केली. खुणा नव्हत्याच, पावलांच्या अंदाजानं थांबत गेली.

"मिस्टर लेम्युएल, पाय घ्या वर. रूबी, सरक बाई जरा, तुझ्यावर सगळी ओकची पानं."

कडेपर्यंत झाडून झालं. पानांचा ढीग तिनं नेहमीच्या कोपऱ्यात लावला, खराटा दोनदा आपटून माती झटकली, गाडीच्या डिकीत टाकला, आणि घरी जाताना दूध घेतलं.