हेमराजच्या वावरातली वाफ

हेमराज माझा धाकटा दीर. चाळीसगावच्या बाजूला आमचं गाव, काळ्या मातीचं, कपाशीचं. माझी शाळा दुसरीपर्यंत, त्यामुळे इथं लिहिलंय ते जसं डोळ्यांनी पाहिलं तसंच आहे. चुकलं तर मास्तरांनी रागवू नये, माझे मास्तर केव्हाच वारले.

हेमराजची बायको बेबाबाई चांगली धडधाकट होती. वैशाखात वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळली झाडं, उपटत होती. दुपारी डोकं दुखतं म्हणाली, बांधावर निंबाखाली टेकली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. हेमराज दिसेल त्याला विचारायचा, "एवढं ऊन पहिले कधी व्हतं का?" लोक म्हणायचे नव्हतं, आणि आपल्या कामाला लागायचे.

पुढं धुळ्याच्या कॉलेजातून सुलक्षणा मॅडम आल्या. पोरगीच, पण शिकलेली. त्यांनी सांगितलं, युरिया टाकला आणि पाऊस पडला की मातीतून एक वायू निघतो. दिसत नाही, वास येत नाही, पण वर जाऊन हवा तापवतो. त्या वायूचं नाव माझ्या जिभेवर काही बसत नाही. पऱ्हाटी उघड्यावर न पेटवता खड्ड्यात कोंडून तिचा कोळसा केला आणि मातीत मिसळला, तर तो वायू कमी निघतो का, एवढं त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी एक वावर हवं होतं.

हेमराजनं आपलं दिलं. त्या सांजेला माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"वहिनी, बेबा गई त्या उन्हामा मन्ही मातीनी वाफ बी व्हती का?"

मी म्हटलं, "अरे येड्या, सगळ्या जगाची वाफ, त्यात तुझी केवढी!"

"केवढी का व्हयेना. व्हती ना?"



वावराचे दोन भाग झाले. एकात कोळसा, दुसरा तसाच. दोन्हीकडे मातीवर लोखंडी डबे पालथे घालायचे, वर रबरी बूच. मॅडम सुईनं डब्यातली हवा ओढून बाटलीत भरायच्या. तीन पावसाळे असं चालायचं होतं, तेव्हा कुठं खरं कळणार. बायको गेल्यापासून दाढी न करणारा माणूस हवा काढायच्या दिवशी दाढी करून वावरात जायचा.

रतिलालनं पारावर छेडलं, "हेमराजभाऊ, तुन्हं वावर पादस का रे?"

"पादस. पन तुन्हापेक्षा कमी."

पार हसला. बेबाबाई गेल्यावर हेमराजला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दोन पावसाळे बरे गेले. मॅडम म्हणाल्या, कोळशाच्या बाजूचा वायू कमी दिसतोय, पण आत्ताच बोलायचं नाही. हेमराज कोणाशी बोलला नाही, फक्त त्या बाजूवर त्याचा जीव बसला. मॅडमनी एकदा सांगितलं होतं, हा कोळसा खत धरून ठेवतो. यानं मनात घेतलं, धरून ठेवतो म्हणजे भुकेला असणार, त्याला खाऊ घातलं पाहिजे.

आमच्याकडे उन्हाळ्यात थेलारी येतात, मेंढ्या घेऊन. रिकाम्या वावरात रात्रभर मेंढ्या बसवायच्या, लेंडी-मुताचं खत होतं, थेलाऱ्याला दाणे द्यायचे. त्याच्यासारखं खत नाही, हे आमच्याकडे लेकराला विचारलं तरी सांगेल. हेमराजनं घरातली दादर ज्वारी थेलाऱ्याच्या पदरात ओतली आणि मेंढ्या बसवल्या. फक्त कोळशाच्या बाजूला.

तिसऱ्या पावसात डबे लागले. थोड्या दिवसांनी मॅडम एकट्याच आल्या. मी वावरात निंदायला होते.

"काका, या बाजूला काय घातलंत? वायू दुसऱ्या बाजूपेक्षा कितीतरी जास्त निघतोय."

हेमराज फुलून म्हणाला, "मेंढ्या बसवल्या, मॅडम. थेलारी दुसरीकडं निघाला होता, मी ओढून आणला."

मॅडम चिखलातच बांधावर बसल्या. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, मेंढ्यांच्या मुतातूनही तोच वायू निघतो. आता कोळशाचा किती, मेंढ्यांचा किती, निवडता येणार नाही. हे वर्ष गेलं, आणि कॉलेजनं दिलेली मुदतही याच वर्षापर्यंत होती.

"मग कमी व्हतो का नाही, ते?"

"दोन वर्षं होत होता, काका. पण तेवढ्यावर मला होतो असं म्हणता येत नाही."

"नका म्हणू मग," हेमराज म्हणाला. "खोटं नका म्हणू." आणि डबे त्यानंच उपटून, धुऊन, मॅडमच्या गाडीत ठेवून दिले.

आता आखाजी, आमची अक्षय तृतीया, होऊन गेली. साऱ्या गावाची वावरं नांगरून तयार आहेत. हेमराजच्या वावरात वाळलेली पऱ्हाटी अजून उभी आहे. रोज भाकर देते, अर्धी परत येते. काल मी चिडले, "उपटून टाक ना रे ती, पाऊस तोंडावर आला."

"उपटीसन काय करू, वहिनी? जाळू ते धूर. कोळसा करू ते कोनासाठे?"

ऊन असं होतं की कावळासुद्धा उडत नव्हता. तो वावराकडं बघत बसला, मी त्याच्याकडं.